पुण्यातली माती तपासणी: एसबीसीच्या पुढे काय मिळतं?

प्लॉटवर बांधकाम काढायचं ठरलं किंवा सोसायटीचा पुनर्विकास मार्गी लागला की माती तपासणी होतेच. मशीन येतं, दोन-तीन बोअर मारले जातात, कोअर (बोअरमधून निघालेले खडकाचे दंडगोल) पेट्यांत भरून लॅबला जातो आणि काही आठवड्यांनी स्पायरल बाइंडिंगचा अहवाल हातात पडतो. मग एकच प्रश्न विचारला जातो, "एसबीसी किती आली?" म्हणजे दर चौरस मीटरला जमीन किती टन भार पेलते. तेवढा आकडा आरसीसी कन्सल्टंटला कळवला की अहवाल कपाटात जातो.

हे परीक्षण पुण्यात मिळणाऱ्या याच सेवेचं आहे, पण कसोटी वेगळी आहे. भूकंपात ही जागा किती आणि कशी हलेल, हे या अहवालातून कळतं का? आमचं मत आधीच सांगतो. भार पेलण्यापुरती ही सेवा चांगली आहे. हलण्याच्या बाबतीत, आज ज्या रूपात ती विकली जाते त्या रूपात, ती अपुरी आहे. या अपुरेपणाचा फटका बारा मजली टॉवरपेक्षा बैठा बंगला, रो-हाउस आणि गावठाणातलं दुमजली घर यांना जास्त बसतो, आणि नेमके हेच लोक तपासणी करून घेत नाहीत.

"पुण्याखाली कातळ आहे, आपल्याला काय होतंय," हे वाक्य प्रत्येक सोसायटीच्या मीटिंगमध्ये कुणीतरी बोलतंच. त्यात तथ्य आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा बेसॉल्ट शहरभर पसरलेला आहे आणि बऱ्याच ठिकाणी तो काही मीटरवरच लागतो. पण तुमची प्लिंथ आणि तो कातळ यांच्यामध्ये काय आहे, ते गल्लीगणिक बदलतं. टेकडीच्या उतारावर हातभर मुरूम असतो, मुळा-मुठेच्या काठाला गाळ आणि रेतीचे पट्टे, पूर्वेच्या सपाटीवर काळी माती, गावठाणात पिढ्यान्‌पिढ्यांची पांढरी. त्यावर माणसाने केलेला भराव आलाच. सारसबागेतल्या गणपतीला आजही तळ्यातला गणपती म्हणतात, कारण पेशवाईत तिथे खरोखर तळं होतं. आंबिल ओढ्याचं पात्र पूर्वी कुठे होतं आणि आज कुठे आहे, हे जुन्या नकाशांत दिसतं. वाघोली-मोशीकडे दगडखाणी आहेत, आणि वापर संपलेली खाण शहराजवळ फार दिवस मोकळी राहत नाही. तिच्यात राडारोडा पडतो आणि वर सपाट जमीन तयार होते.

अशा थराने हलणं का वाढतं ते थोडक्यात सांगतो, म्हणजे अहवालात काय शोधायचं ते लक्षात येईल. इमारतीला आडवं हलवणाऱ्या एस-लहरी चांगल्या बेसॉल्टमधून सेकंदाला हजार मीटरपेक्षा जास्त वेगाने धावतात. सैल भरावात तोच वेग १५० ते २०० मीटरवर येतो. वेग घटला की तीच ऊर्जा कमी वेगाच्या, हलक्या मातीतून वाहून न्यावी लागते, म्हणून झोका मोठा होतो. शिवाय खालचा खडक कठीण असल्याने वरच्या थरात शिरलेली लहर जमिनीचा पृष्ठभाग आणि खडक यांच्यामध्ये पुन्हापुन्हा आपटत राहते. थराचा स्वतःचा एक दोलनकाल असतो, म्हणजे एक झोका पूर्ण व्हायला लागणारा वेळ. जाडीची चौपट करा आणि तिला एस-लहरीच्या वेगाने भागा. ६ मीटर भराव आणि वेग १५० असेल, तर २४ भागिले १५०, म्हणजे ०.१६ सेकंद. त्या थरावरच्या इमारतीचा दोलनकाल याच्या जवळपास असला की अनुनाद होतो, म्हणजे दोघांचे झोके एका तालात येऊन हलणं आणखी वाढतं.

मेक्सिको सिटीत १९८५ साली हेच घडलं, फक्त मोजमाप वेगळं होतं. भूकंपाचं केंद्र साडेतीनशे किलोमीटरच्या पलीकडे, समुद्रकिनाऱ्याजवळ होतं. पण शहराचा मोठा भाग जुन्या सरोवराच्या मऊ चिखलावर वसलेला आणि त्या चिखलाचा दोलनकाल दोन सेकंदांच्या आसपास. त्यामुळे सहा ते पंधरा मजली इमारतींना सर्वाधिक मार बसला. २६ जानेवारी २००१ च्या भुजच्या भूकंपात दोनशेहून अधिक किलोमीटर दूरच्या अहमदाबादेत बहुमजली इमारती कोसळल्या. तिथे साबरमतीच्या गाळाचा जाड थर होता, आणि खाली पार्किंगसाठी मोकळा सोडलेला तळमजलाही. पुण्याचं चित्र याच्या उलट आहे. इथे मऊ थर पातळ असतो आणि त्याच्या खाली एकदम कठीण खडक लागतो. दोलनकाल छोटा येतो, म्हणून अनुनादात सापडतात छोट्या इमारती. आयएस १८९३ (इमारतींच्या भूकंपरोधक रचनेचा भारतीय कोड) च्या २०१६ च्या आवृत्तीतलं विटांच्या भिंती असलेल्या इमारतीसाठीचं सूत्र घ्या: ०.०९ गुणिले उंची, भागिले पायाच्या लांबीचं वर्गमूळ. ६ मीटर उंच आणि ९ मीटर लांब बंगल्याचा दोलनकाल येतो ०.१८ सेकंद. वरच्या भरावाचा होता ०.१६.

आता मेख अशी, की आयएस १८९३ च्या २०१६ च्या आवृत्तीतला आलेख इथे काहीच फरक दाखवत नाही. कठीण, मध्यम आणि मऊ अशा तिन्ही जमिनींना ०.४० सेकंदापर्यंत आडव्या भाराचा एकच गुणांक आहे, २.५. फरक त्यापुढे सुरू होतो. कठीण जमिनीचा गुणांक ०.४० सेकंदानंतर उतरायला लागतो, मध्यमचा ०.५५ नंतर, मऊ जमिनीचा ०.६७ नंतर. १ सेकंदाला हे आकडे १, १.३६ आणि १.६७ होतात. म्हणजे ३६ मीटर उंच आणि १६ मीटर लांब इमारतीच्या बाबतीत (दोलनकाल ०.८१ सेकंद) जमीन कठीणऐवजी मध्यम ठरली तर आडवा भार ३६ टक्क्यांनी वाढतो. कॉलममधल्या लोखंडाचा हिशेब यावर असतो. बंगल्याचा आडवा भार मात्र कागदावर तोच राहतो, खाली कातळ असो की राडारोडा. म्हणून छोट्या घरासाठी कोडच्या आकड्यावर विसंबून चालत नाही. पाया भरावातून खाली चांगल्या मुरमापर्यंत किंवा कातळापर्यंत नेणं हाच त्यावरचा उपाय. आणि तो करायचा तर भराव किती खोल आहे हे आधी कळायला हवं.

आता नेहमीच्या पॅकेजकडे येऊ. त्यात बोअर, एसपीटी (ठोके मोजून जमिनीचा घट्टपणा बघणारी चाचणी), कोअर ड्रिलिंग, लॅब चाचण्या आणि अहवाल असतो.

बोअर किती मारायचे, यात पहिली काटकसर होते. आयएस १८९२ या माती तपासणीच्या कोडच्या १९७९ च्या आवृत्तीत साधारण ०.४ हेक्टरच्या आटोपशीर जागेसाठी चार कोपऱ्यांत चार आणि मध्ये एक असे पाच बोअर सुचवले होते. लहान, कमी महत्त्वाच्या इमारतीला त्यात मध्यावर एकही चालत असे. पुण्यात खडकाची पातळी एकाच प्लॉटमध्ये तीन-चार मीटरने खालीवर होऊ शकते, विशेषतः प्लॉटच्या एका अंगाला जुना नाला असेल तर. तिथे दोन बोअरवर भागवणं म्हणजे खडक सपाट आहे असं गृहीत धरणं.

एसपीटी साइटवर उभं राहून बघण्यासारखी गोष्ट आहे. ६३.५ किलोचा हॅमर ७५ सेंटीमीटरवरून पडतो. नमुना घेणारी नळी ४५ सेंटीमीटर आत जाईपर्यंत दर १५ सेंटीमीटरचे ठोके मोजतात. पहिल्या १५ चे सोडून द्यायचे, उरलेल्या ३० चे म्हणजे एन. रॉडवर १५-१५ च्या खडूच्या तीन खुणा केलेल्या दिसल्या पाहिजेत. नसतील तर मोजणी अंदाजाने चालली आहे असं समजा. हॅमर दोरीने ओढला जातो तेव्हा दमलेला माणूस तो पुरता ७५ पर्यंत उचलत नाही. दोरी ढोलावर जास्त वेढ्यांत गुंडाळलेली असेल तर हॅमर मोकळा पडतही नाही. दोन्हींत ठोके जास्त लागतात आणि जमीन आहे त्यापेक्षा घट्ट दिसते. बोअरचा तळ साफ न करता चाचणी घेतली की सुटा मलबा ठोकला जातो. भरावात मोठा दगड लागला की दोन-चार सेंटीमीटरवर ५० ठोके होतात, 'रिफ्युजल' (नळी पुढे जात नाही) असं लिहिलं जातं आणि खडक लागला असं ठरतं. हा गोंधळ नेहमीचा आहे आणि महागात पडणारा आहे.

बेसॉल्टची झीज कांद्याच्या पापुद्र्यांसारखी होते. आत कठीण गोळा राहतो आणि भोवती मुरूम. गोळा माणसाएवढाही असू शकतो. त्यामुळे दीड मीटर कोअर मिळाला म्हणजे कातळ लागला असं होत नाही. किमान ३ मीटर, आणि शंका असेल तर ५ मीटर सलग खडकात गेल्याशिवाय बोअर थांबवू देऊ नका.

कोअरची पेटी लॅबला जाण्याआधी उघडून बघा. लांब खोबणींची लाकडी पेटी असते, खडकाचे दंडगोल ओळीने मांडलेले असतात आणि मधल्या ठोकळ्यांवर खोली लिहिलेली असते. घट्ट काळा-करडा बेसॉल्ट हातात जड लागतो आणि त्याचे तुकडे लांब निघतात. पांढऱ्या-हिरवट ठिपक्यांचा, गारगोट्या भरलेला खडक म्हणजे विहिरी खणणाऱ्यांचा मांजऱ्या. तो झिजलेला असला तर कडेने खरवडला जातो. दोन लाव्हा थरांमध्ये कधीकधी विटेसारखा तांबडा मऊ पट्टा लागतो. मशीनच्या पाण्यात तो वाहून जातो आणि पेटीत त्याच्या जागी फक्त मोकळी खोबण उरते. त्या मोकळ्या जागेबद्दल ड्रिलरला तिथेच विचारा: पाणी तांबडं आलं का, मशीन एकदम खाली गेलं का? हे अहवालात आलं पाहिजे. १० सेंटीमीटरपेक्षा लांब तुकड्यांची बेरीज भागिले त्या टप्प्याची लांबी म्हणजे आरक्यूडी, खडक किती अखंड आहे ते सांगणारा आकडा. हा आकडा टेप घेऊन कुणालाही पडताळता येतो.

अहवालातली सगळ्यात मोठी चूक मात्र साइटवर होत नाही, टेबलावर होते. आयएस १८९३ च्या २०१६ च्या आवृत्तीला वरच्या ३० मीटरची भारित सरासरी हवी असते: एकूण जाडी भागिले प्रत्येक थराची 'जाडी भागिले एन' यांची बेरीज. समजा वर ६ मीटर भराव, एन ५. खाली ४ मीटर मुरूम, एन ४०. उरलेला २० मीटर खडक, हिशेबापुरता एन १००. बेरीज होते १.२ अधिक ०.१ अधिक ०.२, म्हणजे १.५. ३० भागिले १.५ बरोबर २०. जमीन मध्यम. आता तेच आकडे साध्या सरासरीने काढा, ७३ येतात, आणि जमीन 'कठीण' होऊन बसते. एकाच बोअरमधून दोन वेगळ्या इमारती उभ्या राहतात. कित्येक अहवालांत हा हिशेब दाखवलेलाच नसतो, शेवटच्या पानावर फक्त 'टाइप १' (कठीण) किंवा 'टाइप २' (मध्यम) असतं. सॉफ्टवेअरमध्ये सवयीने 'मध्यम' टाकून पुढे जाणारेही आहेत. हिशेबाचा तक्ता मागून घ्या. बोअर ३० मीटरपर्यंत गेला नसेल (पुण्यात सहसा जात नाही आणि त्यात चूकही नाही) तर खालच्या खडकाचं गृहीतक लेखी हवं.

पाण्याची पातळीही तारखेसकट हवी. ड्रिलिंगला वापरलेलं पाणी बोअरमध्ये साचलेलं असतं, म्हणून मोजणी २४ तासांनी करायची. मे महिन्यातली पातळी ऑगस्टला लागू होत नाही. नदीकाठच्या प्लॉटवर हे विशेष महत्त्वाचं, कारण पाण्याखालच्या सैल रेतीला भूकंपात द्रवासारखं वागण्याचा धोका असतो. झोन ३ साठी (२०१६ च्या आवृत्तीत पुणे याच भूकंप-पट्ट्यात आहे) ती आवृत्ती ५ मीटरपर्यंत एन किमान १५ आणि १० मीटरच्या खाली २५ मागते. पुण्यात असे रेतीचे थर कमी आणि पातळ आहेत, पण मुठेच्या काठाला 'कमी आहेत' एवढ्यावर थांबू नये.

आता जोडीला मिळणाऱ्या सेवा, ज्या खरं तर हलण्याबद्दल बोलतात.

एमएएसडब्ल्यू आता बऱ्याच ठिकाणी सुचवलं जातं. जमिनीवर एका ओळीत २४ जिओफोन (जमिनीचं कंपन टिपणारी छोटी यंत्रं), एका टोकाला लोखंडी प्लेट आणि तिच्यावर आठ-दहा किलोचा घण. पृष्ठभागावरून धावणाऱ्या लहरींवरून खालच्या थरांचा वेग काढतात. मोकळ्या मोठ्या प्लॉटवर हे पैसे वसूल करणारं काम आहे, कारण दोन बोअरच्या मधला भराव यात दिसतो. पण मर्यादा आधी समजून घ्या. ओळीच्या साधारण निम्म्या लांबीइतकीच खोली भरवशाने कळते. १ मीटर अंतराने २४ जिओफोन लावले तर ओळ २३ मीटरची, आणि खोली बारा मीटरच्या आसपास. अशा ओळीवरून '३० मीटरची सरासरी' छापून दिली असेल तर खालचे अठरा मीटर अंदाजाचे आहेत. पेव्हर ब्लॉकवर टेकवलेले जिओफोन काही कामाचे नाहीत, खिळा मातीत गेला पाहिजे. एकच घाव न घेता पाच-दहा घावांची बेरीज घ्यावी लागते, नाहीतर शेजारच्या रस्त्यावरची बसच नोंदवली जाते. आणि पुण्यासाठी खास सावधगिरी: पातळ मऊ थराखाली कठीण खडक असला की वरच्या क्रमांकाच्या लहरी जोरात येतात. त्या मूळ लहर समजून वाचल्या तर वेग फुगतो आणि जागा आहे त्यापेक्षा चांगली दिसते. तांबडा पट्टाही या पद्धतीत बहुधा निसटतो. म्हणून एका तरी बोअरशी ताडून न पाहिलेला एमएएसडब्ल्यू अहवाल आम्ही अर्धवट मानतो.

लहान प्लॉटवर डाउनहोल चाचणी जास्त चांगली. बोअरमध्ये पीव्हीसी पाइप ग्राउटने (सिमेंटच्या पातळ मसाल्याने) पक्का बसवायचा, तीन दिशांचा जिओफोन मीटर-मीटरने खाली सोडायचा, आणि वर जड वजनाखाली दाबलेल्या लाकडी फळीला एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून ठोकायचं. दोन्ही नोंदी एकमेकींच्या उलट आल्या की एस-लहर नेमकी ओळखता येते. ग्राउट नीट भरलं नाही तर पाइप एकटाच थरथरतो आणि सगळी चाचणी वाया जाते. बोअर मारायच्या आधीच हे सांगावं लागतं, मशीन निघून गेल्यावर नाही.

छोट्या घरासाठी आमची पसंती सूक्ष्मकंपनांच्या नोंदीला. घण नाही, बोअर नाही, फक्त तीन दिशांचं एक यंत्र जमिनीवर २०-३० मिनिटं. आडव्या आणि उभ्या कंपनांचं गुणोत्तर काढलं की थराची वारंवारता शिखरासारखी वर येते. तिचा व्यस्त म्हणजे थराचा दोलनकाल. नोंद शक्यतो रात्री घ्यावी, वारा सुटला असेल तर थांबावं, यंत्र डांबरावर न ठेवता घट्ट मातीवर ठेवावं. सुईसारखं टोकदार शिखर बहुधा पंपाचं किंवा मोटरचं असतं, जमिनीचं शिखर रुंद असतं. जमीन किती पट हलेल हे मात्र यातून काढू नका, शिखराची उंची त्यासाठी भरवशाची नाही.

कुणी काय घ्यावं? उतारावरचा प्लॉट, दोन मीटरवर सलग कातळ: नेहमीचं पॅकेज पुरे, वर खर्च करू नका. पुनर्विकासातला टॉवर, पाया कातळावर: नेहमीचं पॅकेज, बोअर पुरेसे, भारित सरासरीचा तक्ता आणि एक डाउनहोल. ओढ्याकाठचा, नदीकाठचा किंवा भरावाचा प्लॉट: बोअरसोबत एमएएसडब्ल्यू घ्याच, घर कितीही लहान असो. बंगल्याला बोअर परवडत नसेल तर जेसीबीने दोन चाचणी खड्डे कातळापर्यंत आणि एक सूक्ष्मकंपनांची नोंद. खड्ड्यात प्लास्टिक, विटांचे तुकडे, फरशी दिसली की भराव कुठे संपतो ते टेपने मोजा. पण कडा न टेकवता दीड मीटरपेक्षा खोल खड्ड्यात उतरू नका.

हे सगळं वर्क ऑर्डरमध्येच लिहा: बोअरची संख्या, सलग खडकात किमान खोली, एसपीटी दर दीड मीटरला, कोअरचे फोटो, पाण्याची पातळी तारखेसह, एस-लहरींचा वेग कोणत्या पद्धतीने, जमिनीचा प्रकार हिशेबासह. तोंडी ठरलेलं यातलं काहीच अहवालात येत नाही. पाया खोदून झाल्यावर पीसीसी (तळाचं साधं काँक्रीट) टाकण्याआधी अहवाल देणाऱ्यांची एक साइट व्हिजिटही त्याच ऑर्डरमध्ये घाला. खड्ड्याच्या चारही कडा उघड्या असतात तो एकच दिवस असा, की बोअरच्या मधली जमीन खरोखर दिसते. खडक अपेक्षेपेक्षा खाली लागला तर फुटिंग खाली न्यायचं की भराव काढून लीन काँक्रीट भरायचं, हे त्या दिवशी ठरवून पुरवणी पत्र घ्यायचं, आणि ते पत्र आरसीसी कन्सल्टंटकडे त्याच दिवशी पोचवायचं.